चित्र यंत्राचे, जबाबदारी कोणाची?

लेखासोबत हवे ते चित्र काही क्षणांत आणि जवळजवळ फुकट मिळावे, ही सोय कृत्रिम बुद्धिमत्तेने २०२२ पासून सर्वसामान्यांच्या हाती दिली. मात्र या चित्राचा मालक कोण, ते कशाच्या आधारे तयार झाले आणि वाचकाने त्यावर किती विश्वास ठेवावा, हे प्रश्नही चित्रासोबतच आले. जगभरातील न्यायालये, वृत्तसंस्था आणि चित्रकार सध्या या प्रश्नांची उत्तरे शोधत आहेत. त्यांचा हा आढावा.

मार्च २०२३ मध्ये चीनमधील एका संकेतस्थळावर एक प्रेमकविता प्रसिद्ध झाली. मार्च महिना, पीचची फुले आणि प्रेम असा तिचा विषय. कवितेला शोभेल असे एका तरुणीचे चित्र सोबत दिलेले होते. पाहणाऱ्याला ते छायाचित्रच वाटावे इतके ते हुबेहूब होते. प्रत्यक्षात ती तरुणी कोठेही अस्तित्वात नव्हती. दुसऱ्याच एका व्यक्तीने फेब्रुवारीत 'स्टेबल डिफ्यूजन' या प्रणालीला लेखी सूचना देऊन ते चित्र तयार केले होते आणि एका समाजमाध्यमावर ठेवले होते. तेथून ते कवितेपाशी पोहोचले, तेव्हा त्यावरील मूळ वापरकर्त्याची खूण नाहीशी झाली होती.

चित्र तयार करणाऱ्याने बीजिंग इंटरनेट न्यायालयात दावा दाखल केला. चित्र इंटरनेटवर शोधताना मिळाले, त्यातून पैसे मिळवलेले नाहीत, असा प्रतिवादीचा बचाव होता. न्यायालयापुढे मुख्य प्रश्न वेगळाच होता. जे चित्र माणसाने हाताने काढलेले नाही आणि कॅमेऱ्याने टिपलेलेही नाही, त्यावर कोणाचा हक्क असू शकतो का? नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने होकारार्थी उत्तर दिले. चित्रात काय हवे, काय नको, याच्या सूचना निवडणे, त्यांचा क्रम लावणे, प्रणालीची मापे ठरवणे आणि हाती आलेले चित्र पाहून पुन्हा दुरुस्त्या करणे, यांत त्या व्यक्तीची बुद्धी आणि आवड दिसते, असे न्यायालयाने म्हटले. प्रतिवादीने माफी मागावी आणि ५०० युआन भरपाई द्यावी, असा आदेश झाला.

रक्कम किरकोळ होती. परंतु लेखनासोबत सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रनिर्मित चित्राने उभे केलेले जवळपास सर्व प्रश्न या एका खटल्यात एकवटले आहेत. असे चित्र फुकट दिसते, कोणाचेच नाही असे वाटते आणि त्याचा कोणाला उपद्रव नाही, अशी समजूत असते. या तिन्ही समजुती तपासून पाहण्याजोग्या आहेत.

यंत्र चित्र कसे 'काढते'?

ही प्रणाली इंटरनेटवर शोध घेऊन तयार चित्र आणून देते, किंवा अनेक चित्रांचे तुकडे जोडून नवे चित्र बनवते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्ष प्रक्रिया निराळी आहे.

प्रथम प्रणालीला चित्रे आणि त्यांची शाब्दिक वर्णने यांच्या प्रचंड संख्येने जोड्या दाखवल्या जातात. जर्मनीतील 'लायन' या ना-नफा संस्थेने २०२२ मध्ये खुल्या केलेल्या संग्रहात अशा सुमारे ५८५ कोटी जोड्यांची सूची होती. 'स्टेबल डिफ्यूजन'चे शिक्षण मुख्यतः या संस्थेच्या संग्रहांतून झाले. यातून 'मांजर', 'संध्याकाळ', 'जलरंग' अशा शब्दांचे रंग, आकार व पोत यांच्याशी असलेले नाते प्रणाली आकड्यांच्या रूपात साठवते.

दुसरा भाग अधिक रंजक आहे. शिक्षणाच्या वेळी चांगल्या चित्रावर थोडी थोडी 'धूळ' टाकली जाते. पूर्वी दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण बंद झाल्यानंतर ज्या मुंग्या दिसत, तशी ही धूळ असते. ती ओळखून पुसायची कशी, हे प्रणाली कोट्यवधी वेळा सरावाने शिकते. नंतर वापरकर्ता सूचना देतो, तेव्हा प्रणाली निव्वळ धुळीपासून आरंभ करते आणि सूचनेतील शब्दांच्या अनुरोधाने टप्प्याटप्प्याने ती पुसत जाते. शेवटी जे उरते ते चित्र. 'डिफ्यूजन' हे नाव या पद्धतीवरूनच पडले. आरंभीची धूळ प्रत्येक वेळी वेगळी असते. म्हणून एकच सूचना दहा वेळा दिली तर दहा निरनिराळी चित्रे मिळतात.

या पद्धतीतच तिच्या मर्यादाही आहेत. हाताला पाच बोटे असतात हे प्रणालीला 'माहीत' नसते. बोटांसारखे काय दिसते एवढेच तिला ठाऊक असते. त्यामुळे सुरुवातीच्या काळात सहा-सात बोटांचे हात आणि निरर्थक अक्षरांच्या पाट्या या चित्रांची ओळख बनल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत हे दोष बरेच कमी झाले. मूळ स्वभाव मात्र बदललेला नाही. प्रणाली वस्तुस्थिती सांगत नाही, संभाव्य दिसणे सांगते.

हा प्रवासही झपाट्याने झाला. दोन संगणकीय जाळ्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवून चित्रे तयार करण्याची पद्धत २०१४ मध्ये इयान गुडफेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. त्या पद्धतीने तयार केलेले एक व्यक्तिचित्र २०१८ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ४ लाख ३२ हजार ५०० डॉलरला विकले गेले. 'ओपन एआय' कंपनीने जानेवारी २०२१ मध्ये 'डॅल-ई' जाहीर केले. एप्रिल २०२२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती, जुलैत 'मिडजर्नी' आणि ऑगस्टमध्ये 'स्टेबल डिफ्यूजन' आले. जून २०२२ मध्येच 'द इकॉनॉमिस्ट' आणि 'कॉस्मोपॉलिटन' यांच्या मुखपृष्ठांवर यंत्रनिर्मित चित्रे झळकली होती. प्रयोगशाळेतील कुतूहल चार-पाच महिन्यांत संपादकीय टेबलावर येऊन बसले.

लेखाला चित्र देणारे हात

लेखासोबत चित्र देण्याची मराठी परंपरा जुनी आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंक काढला आणि पुढे दिवाळी अंकांचे मुखपृष्ठ व आतील चित्रे हा वाचकांच्या कुतूहलाचाच विषय झाला. दीनानाथ दलाल यांनी १९४५ मध्ये 'दीपावली' सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे घराघरांत पोहोचली. वसंत सरवटे यांच्या रेषेने पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांना चेहरा दिला. कथा वाचून तिच्यातला नेमका क्षण निवडणे, लेखकाने न लिहिलेले काहीतरी रेषेत सांगणे, हे या चित्रकारांचे काम होते. लेखाचा तो पहिला वाचक असे.

नंतर तयार छायाचित्रे पुरवणाऱ्या संस्था आल्या आणि बहुसंख्य नियतकालिकांनी व संकेतस्थळांनी तो स्वस्त मार्ग पत्करला. यंत्रनिर्मित चित्र ही त्यापुढची पायरी आहे. तिच्यावरचा पहिला मोठा वाद ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेत झाला. 'द अटलांटिक'चे लेखक चार्ली वॉर्झेल यांनी आपल्या वार्तापत्रातील मजकुरासोबत 'मिडजर्नी'ने तयार केलेले चित्र वापरले. चित्राखाली तसा स्पष्ट उल्लेखही होता. तरीही चित्रकारांचा मोठा रोष ओढवला. एक नामांकित नियतकालिकही चित्रकाराला काम देणार नसेल, तर कोण देणार, असा सवाल त्यांनी केला. वॉर्झेल यांनी पुढच्या लेखात आपली चूक मान्य केली. एरवी आपण तयार छायाचित्रच वापरले असते, चित्रकाराला काम दिले नसते, हेही त्यांनी सांगितले.

त्यांचा हा कबुलीजबाब महत्त्वाचा आहे. प्रत्येक यंत्रनिर्मित चित्रामुळे एका चित्रकाराचे काम जाते असे नाही. अनेक ठिकाणी पूर्वी चित्रच नसे. परंतु लहान लहान कामांतूनच नवा चित्रकार घडतो आणि नेमकी तीच कामे प्रथम यंत्राकडे जातात, हा चित्रकारांचा मुद्दा त्यामुळे खोटा ठरत नाही.

कच्चा माल कोणाचा?

चित्रकारांची दुसरी तक्रार अधिक मूलभूत आहे. ज्या यंत्राशी स्पर्धा करायची, ते आपल्याच चित्रांवर शिकले, आणि तेही न विचारता. काल्पनिक युद्धदृश्ये रंगवणारे पोलंडचे चित्रकार ग्रेग रुत्कोव्स्की यांचे नाव २०२२ मध्ये सूचनांमध्ये इतक्या वेळा वापरले गेले की, इंटरनेटवर त्यांचे नाव शोधताच त्यांनी न काढलेली चित्रे समोर येऊ लागली. एका अर्थाने त्यांची शैलीच त्यांच्या हातून निसटली.

जानेवारी २०२३ मध्ये सॅरा अँडरसन, केली मॅककर्नन आणि कार्ला ऑर्टिझ या तीन चित्रकारांनी कॅलिफोर्नियात 'स्टॅबिलिटी एआय', 'मिडजर्नी' आदी कंपन्यांविरुद्ध दावा दाखल केला. जून २०२५ मध्ये डिस्ने आणि युनिव्हर्सल या बलाढ्य चित्रपट कंपन्यांनीही 'मिडजर्नी'ला न्यायालयात खेचले.

लंडनच्या उच्च न्यायालयात 'गेटी इमेजेस'ने 'स्टॅबिलिटी एआय'विरुद्ध लढवलेल्या खटल्याचा निकाल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागला. प्रणालीचे शिक्षण ब्रिटनमध्ये झाल्याचा पुरावा न मिळाल्याने गेटीने मुख्य आरोप सुनावणीदरम्यानच मागे घेतला होता. प्रणालीमध्ये मूळ छायाचित्रांच्या प्रती साठवलेल्या नसतात, म्हणून ती स्वतः 'बेकायदा प्रत' ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. काही जुन्या आवृत्त्यांनी तयार केलेल्या चित्रांवर गेटीची पाणखूण उमटत असे. तेवढ्यापुरता व्यापारचिन्हाचा भंग मान्य झाला. यंत्राने कोणाकडून शिकले, याची ती पाणखूण बोलकी साक्ष होती.

भारतात हा प्रश्न कायद्याने अद्याप सोडवलेला नाही. केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने नेमलेल्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केले. कंपन्यांना शिक्षणासाठी साहित्य वापरण्याचा सक्तीचा परवाना द्यावा आणि त्याबदल्यात एका मध्यवर्ती व्यवस्थेमार्फत निर्मात्यांना मानधन मिळावे, असा प्रस्ताव त्यात आहे.

मालकी: तीन देश, तीन उत्तरे

तयार झालेल्या चित्राची मालकी हा वेगळा प्रश्न. वरवर नवा वाटला तरी तो दीडशे वर्षांपूर्वीही विचारला गेला होता. छायाचित्रकार नेपोलियन सॅरोनी यांनी टिपलेल्या ऑस्कर वाइल्ड यांच्या छायाचित्राची परस्पर नक्कल झाली, तेव्हा कॅमेरा हे यंत्र आहे, मग छायाचित्राला निर्माता कसा, असा युक्तिवाद प्रतिपक्षाने केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८४ मध्ये तो फेटाळला. बैठक, वेशभूषा, प्रकाश यांची योजना माणसाची होती, म्हणून छायाचित्र ही माणसाचीच निर्मिती ठरली.

त्याच कसोटीवर अमेरिकेने यंत्रनिर्मित चित्र मात्र नाकारले. क्रिस काश्तानोव्हा यांच्या 'झार्या ऑफ द डॉन' या चित्रकथेतील मजकूर आणि मांडणी यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये संरक्षण मिळाले, 'मिडजर्नी'ने काढलेल्या चित्रांना नाही. कोलोरॅडो राज्याच्या जत्रेतील स्पर्धेत २०२२ मध्ये पारितोषिक मिळवणारे जेसन अ‍ॅलन यांनी आपल्या चित्रासाठी किमान ६२४ वेळा सूचना बदलल्याचे सांगितले. तरीही सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना नोंदणी नाकारण्यात आली. निर्माता माणूसच हवा, हे तत्त्व वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्टीफन थॅलर यांच्या खटल्यात उचलून धरले. नुसत्या सूचना देणे म्हणजे निर्मिती नव्हे, मात्र माणसाने केलेली निवड, मांडणी आणि बदल यांना संरक्षण मिळू शकते, अशी भूमिका अमेरिकी कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात मांडली.

चीनचे उत्तर वर आलेच आहे. तेही सरसकट नाही. फुलपाखराच्या आकाराच्या खुर्चीच्या यंत्रनिर्मित चित्राला झांगजियागांग येथील न्यायालयाने २०२५ मध्ये संरक्षण नाकारले. चित्र कोणकोणत्या टप्प्यांतून घडवले, हे निर्मात्याला दाखवून देता आले नाही. बीजिंगच्या खटल्यातील फिर्यादीने नेमके तेच करून दाखवले होते.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक तरतूद आली आहे. संगणकाने निर्माण केलेल्या कलाकृतीच्या बाबतीत ती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारणीभूत झाली, ती निर्माता मानावी, असे कलम २ (घ) सांगते. ही दुरुस्ती झाली, तेव्हा आजच्या प्रणाली कोणाच्या स्वप्नातही नव्हत्या. सूचना देणारा 'कारणीभूत', की प्रणाली बनवणारी कंपनी, हे कलमात स्पष्ट नाही. 'सूर्यास्त' या चित्रासाठी २०२० मध्ये अंकित साहनी यांच्यासोबत 'राघव' या प्रणालीचीही सहनिर्माता म्हणून नोंद झाली होती. पुढच्याच वर्षी कॉपीराइट कार्यालयाने ही नोंदणी मागे घेण्याविषयी नोटीस काढली.

व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. लेखासोबत दिलेले यंत्रनिर्मित चित्र दुसऱ्याने उचलले, तर ते आपले आहे हे सिद्ध करणे अवघड जाऊ शकते. उलट, दुसऱ्याचे यंत्रनिर्मित चित्र 'कोणाचेच नाही' म्हणून उचलले, तर नुकसानभरपाईची नोटीस येऊ शकते.

दिसते तसे नसते

मालकीपेक्षाही वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो विश्वास. २०२३ मध्ये 'अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल' या मानवी हक्क संघटनेने कोलंबियातील २०२१ च्या निदर्शनांवरील पोलिसी अत्याचारांविषयीच्या मजकुरासोबत यंत्रनिर्मित चित्रे प्रसिद्ध केली. निदर्शकांची ओळख उघड होऊ नये, हा हेतू चांगला होता. चित्रे यंत्रनिर्मित असल्याची टीपही होती. तथापि, चित्रातील महिलेच्या हातातील कोलंबियाच्या ध्वजाचे पट्टेच चुकीच्या क्रमाने होते. खऱ्या अत्याचारांचे खरे पुरावे असताना खोटी चित्रे कशाला, अशी टीका झाली आणि संघटनेने ती मागे घेतली. खोट्या चित्राने खऱ्या मजकुरालाच संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले.

मे २०२३ मध्ये दिल्लीत आंदोलक महिला कुस्तीगिरांना पोलिसांनी ताब्यात घेतले. पोलिसांच्या गाडीतील विनेश आणि संगीता फोगट यांच्या छायाचित्रात फेरफार करून त्यांच्या गंभीर चेहऱ्यांवर हसू आणले गेले आणि ते चित्र समाजमाध्यमांवर वेगाने पसरले. हा केवळ चेहऱ्यावरील स्नायूंचा बदल होता. त्याने संपूर्ण प्रसंगाचा अर्थ उलटा केला.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आणखी एक प्रकार उघडकीस आला. 'अ‍ॅडोबी'च्या चित्रविक्री संकेतस्थळावर गाझा युद्धाची यंत्रनिर्मित दृश्ये विक्रीस होती. तेथे त्यांवर तशी नोंद होती. परंतु काही लहान वृत्तसंकेतस्थळांनी ती विकत घेऊन बातम्यांसोबत कोणतीही सूचना न देता छापली. चिठ्ठी दुकानातच राहिली, माल तेवढा पुढे गेला.

विज्ञानाच्या क्षेत्रालाही याची झळ बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पेशीविज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. 'मिडजर्नी'ने काढलेल्या आकृतीत उंदराची शरीररचना अशक्यप्राय होती आणि अवयवांची नावे निरर्थक अक्षरांची. निबंध परीक्षकांच्या नजरेखालून गेलेला होता. जगभर हसे झाल्यावर काही दिवसांतच तो मागे घेण्यात आला. सजावट म्हणून चित्राकडे पाहण्याची सवय जाणकारांच्या डोळ्यांवरही कशी झापड आणते, याचे हे उदाहरण.

'भारतीय माणूस' कसा दिसतो?

प्रणाली ज्या चित्रांवर शिकते, त्यांतील पूर्वग्रहही शिकते. 'रेस्ट ऑफ वर्ल्ड' या नियतकालिकाने २०२३ मध्ये 'मिडजर्नी'कडून निरनिराळ्या देशांतील माणसांची हजारो चित्रे काढून घेतली. 'भारतीय व्यक्ती' असे सांगितल्यावर बहुतेक वेळा दाढीवाला, डोक्याला फेटा गुंडाळलेला वृद्ध पुरुष समोर आला. 'ब्लूमबर्ग'ने त्याच वर्षी केलेल्या पाहणीत अधिक पगाराच्या व्यवसायांसाठी 'स्टेबल डिफ्यूजन' प्रामुख्याने गोऱ्या वर्णाचे चेहरे दाखवत असल्याचे आढळले.

यावर वरवरचा उपायही अंगाशी येतो. गुगलच्या 'जेमिनी'ने फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्व वंशांना स्थान देण्याच्या प्रयत्नात नाझीकालीन जर्मन सैनिकही निरनिराळ्या वर्णांचे दाखवले. कंपनीला माणसांची चित्रे काढण्याची सोय काही काळ बंद ठेवावी लागली. मराठी लेखासोबत असे चित्र देणाऱ्याने म्हणूनच नेसण, दागिने, घर, शेत, पाटीवरील अक्षरे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. नऊवारीचा काष्टा किंवा वारकऱ्याच्या गळ्यातील तुळशीची माळ चुकली, तर वाचकाच्या ते तत्काळ लक्षात येते. परदेशी प्रणालीच्या नाही.

नियमांची चौकट

'असोसिएटेड प्रेस' या वृत्तसंस्थेने ऑगस्ट २०२३ मध्ये आपले नियम जाहीर केले. छायाचित्रात यंत्राच्या साह्याने काही घालायचे नाही, काही काढायचे नाही. यंत्रनिर्मित चित्र हाच बातमीचा विषय असेल तरच ते स्पष्ट उल्लेखासह द्यायचे, असे त्यांचे सूत्र आहे. चीनने १ सप्टेंबर २०२५ पासून यंत्रनिर्मित मजकूर व चित्रांवर खूण सक्तीची केली.

भारतात केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांतील दुरुस्तीचा मसुदा मांडला. चित्राचा किमान १० टक्के भाग व्यापेल एवढी मोठी खूण असावी, असे त्यात सुचवले होते. फेब्रुवारी २०२६ मध्ये लागू झालेल्या अंतिम नियमांत टक्केवारीची अट वगळण्यात आली. खऱ्या व्यक्ती वा घटनेचा भास निर्माण करणाऱ्या कृत्रिम चित्रावर ठळक खूण मात्र आवश्यक ठरली. नेहमीच्या रंगदुरुस्तीसारख्या संपादनाला यातून सूट आहे.

तांत्रिक उपायही आहेत. 'अ‍ॅडोबी', 'बीबीसी', 'मायक्रोसॉफ्ट' आदींनी २०२१ मध्ये स्थापन केलेल्या 'सी-टू-पी-ए' या गटाने चित्रासोबत त्याच्या जन्माची माहिती जोडण्याचे मानक तयार केले. गुगलने २०२३ मध्ये 'सिंथआयडी' ही डोळ्यांना न दिसणारी खूण आणली. परंतु पडद्यावरील चित्राचे नुसते छायाचित्र घेतले, तरी जोडलेली माहिती गळून पडते. त्यामुळे यंत्राची खूण वापरणाऱ्याच्या प्रामाणिकपणाला पर्याय ठरत नाही.

चित्र वापरण्यापूर्वी

- चित्र कल्पनेचे आहे की पुराव्याचे, हे आधी ठरवावे. घटना, अपघात, आंदोलन, आपत्ती, गुन्हा यांविषयीच्या मजकुरासोबत यंत्रनिर्मित दृश्य देऊ नये.
- छायाचित्राचा आभास देणाऱ्या चित्रापेक्षा रेखाटन वा रंगचित्राची शैली निवडावी. वाचकाची फसगत टळते.
- हयात चित्रकाराचे नाव सूचनेत घालू नये. शैली उसनी घेणे कायद्यात बसले, तरी सौजन्यात बसत नाही.
- हयात व्यक्तीचा चेहरा वापरू नये. अभिनेते अनिल कपूर यांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे नाव, आवाज व प्रतिमा यांच्या अशा गैरवापराला मनाई केली आहे.
- हात, सावल्या, ध्वज, नकाशे, गणवेश आणि देवनागरी अक्षरे, विशेषतः जोडाक्षरे, तपासावीत. वैद्यकीय व शास्त्रीय आकृत्या यंत्राकडून काढून घेऊ नयेत.
- वापरलेल्या सूचना आणि मधल्या टप्प्यांतील चित्रे जपून ठेवावीत. वाद उद्भवल्यास तोच पुरावा.
- ज्या प्रणालीने चित्र तयार केले, तिच्या अटी वाचाव्यात. व्यावसायिक वापराची मुभा सर्वत्र सारखी नसते.
- चित्राखाली प्रणालीचे नाव आणि 'कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने तयार केलेले काल्पनिक चित्र' असा उल्लेख, सहज वाचता येईल अशा अक्षरांत, करावा.

एक लहानशी ओळ

वृत्तपत्रात छायाचित्राखाली बारीक अक्षरांत छायाचित्रकाराचे नाव असते. बहुसंख्य वाचक ते वाचत नाहीत. तरीही त्या नावामागे एक हमी उभी असते. अमुक व्यक्ती त्या जागी, त्या वेळी हजर होती आणि चूक झाल्यास तिला जाब विचारता येतो, ही ती हमी. दलाल किंवा सरवटे यांची चित्रातील सही हीसुद्धा तशीच हमी होती. हे माझे म्हणणे आहे, असे ती सांगत असे.

यंत्रनिर्मित चित्रामागे अशी हजर असलेली व्यक्ती नसते. यंत्र माफी मागत नाही, खुलासा छापत नाही. बीजिंगच्या खटल्यातही माफी मागावी लागली ती माणसालाच. त्यामुळे अशा चित्राची जबाबदारी, ते निवडून मजकुराशेजारी ठेवणाऱ्यावर येते. चित्र कोठून आले हे सांगणारी ती लहानशी ओळ ही या जबाबदारीची पहिली खूण आहे. चित्र कितीही झटपट तयार होवो, ती ओळ लिहिण्याचे काम माणसालाच करावे लागणार आहे.